जंतूला जागा हवी

मानवजातीने जंतूंशी चालवलेलं लाखो वर्षांचं युद्ध अखेर संपलं असून विजय आपला झाला आहे, असं प्राचार्य डॉ. दिनकरराव पाटणकर यांनी भर सभागृहात जाहीर केलं आणि त्याच वाक्याच्या टोकाला त्यांना एक सणसणीत शिंक आली. टाळ्या वाजवायच्या सोडून सगळं सभागृह छताकडे बघू लागलं. छतावरचा हिरवा दिवा पिवळा झाला. प्राचार्यांनी रुमाल नाकाशी धरला, श्वास रोखला आणि इतिहासातला तो सुवर्णक्षण तसाच ताटकळत ठेवला. काही वेळाने दिवा परत हिरवा झाला. मग टाळ्या झाल्या.

मागच्या रांगेतल्या उत्तरा माळगेने टाळ्या वाजवल्या नाहीत. ती सूक्ष्मजीवशास्त्राच्या एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती, आणि युद्ध संपल्याची बातमी तिच्या आत्तीच्या डाव्या पायापर्यंत अजून पोचली नव्हती.

त्या दिव्याचं नाव 'निर्मळ'. यंत्र चांगलं होतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढचं ऐकून लोक यंत्रालाच नावं ठेवतात. दिसायला बशीएवढं. आतला बारका पंखा खोलीतली हवा ओढून घेई. हवेत तरंगणारे जंतू आणि जंतूंचे तुकडे एका पट्टीवर चिकटत. पट्टी त्यांचा जनुकीय मजकूर वाचून दूरच्या कुठल्याशा सर्व्हरला पाठवी, आणि सर्व्हर कळवी की हा दह्यातला गरीब बिचारा आहे की माणसाला लोळवणारा. दह्यातला असेल तर हिरवा, शंका असेल तर पिवळा, रोगकारक असेल तर लाल. शस्त्रक्रियेच्या खोल्यांसाठी केलेलं यंत्र होतं आणि तिथे त्याने खरोखर माणसं वाचवली.

मग कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं की ज्या इमारतीचा दिवा हिरवा, तिला तारांकन द्यावं, आणि जिला तारे, तिला अनुदान. त्या दिवसापासून जंतू कमी करण्यापेक्षा दिवा हिरवा ठेवणं महत्त्वाचं ठरलं. हे काम त्या मानाने सोपंही होतं. मंगल कार्यालयात खोकणाऱ्या काकांना बाहेर जीपमध्ये बसवून ताट तिकडेच पाठवू लागले. स्थळं बघताना मुलीकडचे हळूच विचारू लागले, "घरचा दिवा कसा असतो तुमचा?" आणि रुग्णालयांनी तर कमालच केली. ज्यांच्यामुळे दिवा लाल होतो अशा माणसांना, म्हणजे आजाऱ्यांना, त्यांनी घरी पाठवायला सुरुवात केली.

आत्तीला असंच घरी पाठवलं होतं. जखम बरी झाली नव्हती, पण रुग्णालयाचा दिवा त्याच संध्याकाळी बरा झाला.

आत्ती म्हणजे गौराक्का माळगे, उत्तराच्या वडिलांची थोरली बहीण. उत्तराची आई लहानपणीच गेली. वडिलांनी दुसरं लग्न केलं आणि हुबळी गाठली. पोर राहिली आत्तीकडे. शिरगणी गावात कॉलेजच्या मागे आत्तीची खानावळ होती आणि निम्मं कॉलेज तिच्या आमटीवर पदवीधर झालं होतं. आत्तीला साखरेचा आजार. चपलेचा खिळा टाचेत घुसला, तो तिला चार दिवस कळलाच नाही. कळला तेव्हा टाच काळी पडलेली. तपासणीत क्लेबसिएल्ला नावाचा जिवाणू निघाला, आणि तोही असा मुरलेला की बाजारातलं एकही प्रतिजैविक त्याला लागू पडेना. खानावळीचा दिवा लाल झाला. नगरपालिकेने वीज तोडून दिव्याला आणि दाराला सील ठोकलं. मागच्या दाराने स्वयंपाकघरात राहायची मुभा मात्र दिली.

"काय नाव म्हणालीस त्या किड्याचं?"

"क्लेबसिएल्ला."

"कलाबाई म्हण की सरळ. तरीच जाईना. ह्या नावाची एक भाडेकरीण हुती आमच्याकडं, तीबी अशीच."

उत्तराच्या संशोधनाचा विषय रोगकारक जिवाणू हाच होता. तिने आत्तीच्या जखमेतली कलाबाई प्रयोगशाळेत आणून वाढवली आणि तिच्या वैऱ्याचा शोध सुरू केला. जगात जितके जिवाणू, तितके त्यांना खाणारे विषाणू. शास्त्रात त्यांना फाज म्हणतात. फाज हा अत्यंत चोखंदळ प्राणी. एका जातीचा जिवाणू खाणारा दुसऱ्या जातीकडे ढुंकून बघत नाही, आणि माणसाच्या पेशीकडे तर नाहीच नाही. तो जिवाणूला चिकटतो, आत शिरतो, आतला सगळा मालमसाला वापरून स्वतःची शंभर पिल्लं करतो आणि शेवटी जिवाणू फोडून बाहेर पडतो.

"म्हंजे घरजावई!" आत्ती म्हणाली.

त्यानंतर त्या घरात फाज हा शब्द कुणी वापरला नाही.

जावई शोधायचा तर घाणीत शोधावा लागतो, कारण जिथे जिवाणूंची गर्दी तिथेच तो. उत्तराने नदी पाहिली, विहिरी पाहिल्या, रुग्णालयाचं सांडपाणी पाहिलं. ते तर इतकं औषधी होतं की त्यात काहीच जगत नव्हतं. शेवटी आठवडी बाजारामागच्या उघड्या गटारात जावई सापडला. काचेच्या बशीत कलाबाईचा दुधाळ थर पसरून त्यावर गटाराचा थेंब टाकला, तर दुसऱ्या दिवशी थरात स्वच्छ गोल खिडकी पडलेली. उत्तरा त्या खिडकीकडे इतका वेळ बघत बसली की तिच्या मार्गदर्शक हेरवाडे मॅडमना वाटलं, पोरीला चक्कर आली.

पुढच्याच आठवड्यात नगरपालिकेने ते गटार क्लोरीनने धुऊन वर सिमेंटची झाकणं बसवली. कार्यक्रमाला पेढे होते.

जावई आता जगात एकाच ठिकाणी होता, उत्तराच्या बाटलीत. आणि त्याला जिवंत ठेवून त्याचं खटलं वाढवायचं तर कलाबाईलाही खाऊपिऊ घालून सांभाळणं भाग होतं. रोग बरा करायचा म्हणून उत्तरा रोज सकाळी रोगालाच जेवू घालत होती. थोडा जावई तिने खोल गारठ्याच्या फ्रीजरमध्येही राखून ठेवला होता. जिल्ह्याच्या गावचे डॉ. मगदूम म्हणाले होते, "बाकी सगळे उपाय संपले आहेत, तेव्हा मी परवानगी काढलीय. शुक्रवारी पुरेसं औषध घेऊन या. उशीर नको. हाडापर्यंत गेलं तर पाय काढावा लागेल, आणि यांच्या साखरेत तेवढ्यानेही भागेल असं मी सांगू शकत नाही."

शुक्रवारच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, तारांकन समिती येणार होती.

प्राचार्यांनी मॅडमना आणि उत्तराला केबिनमध्ये बोलावलं.

"हेरवाडे मॅडम, सगळं कॉलेज हिरवं, आणि तुमचा एकटा विभाग लाल. बाहेरच्या माणसाने काय समजायचं?"

"सर, सूक्ष्मजीवशास्त्र आहे. सूक्ष्मजीव असणारच."

"असू देत ना! मी कुठे नको म्हणतोय? पण चांगले ठेवा. दह्याचे ठेवा. रोगाचेच कशाला हवेत?"

"हिचा प्रकल्प रोगकारक जिवाणूंवर आहे, सर."

"मग विषयात थोडा बदल करा. 'रोगकारक जिवाणूंचा अभाव'. भारदस्तही वाटतं."

"सर," उत्तरा म्हणाली, "त्या बाटलीत माझ्या आत्तीचं औषध आहे. शुक्रवारपर्यंत फक्त—"

"गौराक्का ना? त्यांच्या हातची आमटी मी विद्यार्थी असल्यापासून खातोय. देवमाणूस!" प्राचार्यांचा स्वर खरोखरच ओला झाला. "त्यांना माझा नमस्कार सांग. आणि बुधवारी संध्याकाळपर्यंत विभाग जंतुमुक्त पाहिजे."

तो माणूस वाईट नव्हता, हीच तर अडचण होती. वाईट माणसाशी भांडता तरी येतं.

बाहेर आल्यावर मॅडम भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे बघत बोलू लागल्या. "उद्या दुपारी मी सगळं ऑटोक्लेव्हमध्ये टाकणार." ऑटोक्लेव्ह म्हणजे प्रेशर कुकरचा थोरला भाऊ, त्यात गेलेला कुठलाच जंतू परत येत नाही. "त्याआधी तुझ्या कपाटातली एखादी बाटली कमी झाली, तर माझ्या काही लक्षात यायचं नाही."

"मॅडम, रोगकारक जिवाणू प्रयोगशाळेबाहेर नेणं गुन्हा आहे. निर्मळ कायद्यात तीन वर्षं. पदवी जाते ती वेगळीच."

"हल्ली मला ऐकूही कमी येतं," मॅडम म्हणाल्या आणि निघून गेल्या.

उत्तरा धावत फ्रीजरकडे गेली. तो आधीच रिकामा करून त्यात समितीसाठी थंड पेयांच्या बाटल्या लावल्या होत्या. इतक्या गारठ्यात त्या सगळ्या फुटल्या होत्या.

उरली ती कपाटातली एकच बाटली. ती तिने स्टीलच्या डब्यात ठेवली, डबा पिशवीत घातला आणि जंतूला दोन दिवस राहायला जागा शोधत गावभर फिरली. वसतिगृहाच्या प्रत्येक मजल्यावर दिवा. मैत्रीण म्हणाली, "अगं, ठेवून घेतलं असतं, पण मागच्या महिन्यात मला नुसती सर्दी झाली तर अख्ख्या मजल्याने बोलणं टाकलं." बँकेत दिवा, टपालात दिवा, आइस्क्रीमच्या दुकानात दिवा. देवळात गेली तर गाभाऱ्याच्या दारावरही दिवा. पुजारी म्हणाले, "देवाला सगळे सारखेच गं. ट्रस्टला चालत नाही."

शिरगणीत त्या दिवशी जंतूला राहायला एकच जागा उरली होती. जिथून तो आला होता तीच. खानावळीचा दिवा वीज तोडलेला, मुका होता.

"आणलास जावयाला?" खाटेवर पाय पसरून बसलेल्या आत्तीने विचारलं. "कलाबाईबी संगट आली व्हय? म्हंजे माहेरपणाला."

"आत्ती, थट्टा नको. याला अंगाएवढी ऊब लागते. जास्त नाही, कमी नाही."

"विरजणाला लागती तेवढी?"

"तेवढीच."

आत्तीने डबा टॉवेलात गुंडाळून चुलीपासून हातभर अंतरावर, दह्याच्या गाडग्याशेजारी ठेवायला लावला. मग पुष्कळ वेळ त्या टॉवेलाकडे बघत राहिली. "तुला धरलं तर गं?"

"नाही धरत."

"धरलं तर म्हंते मी."

उत्तरा टॉवेलाची घडी नीट करू लागली. आत्तीनेही मग विषय काढला नाही.

गुरुवारी समिती सकाळी येणार होती, ती दुपारचं जेवण आटोपून आली. विभाग फिनेलने इतका धुतला होता की डोळ्यांतून पाणी येत होतं. तरी सकाळभर तिथला दिवा पिवळ्यावरून हटेना. प्राचार्यांनी खिडक्या उघडल्या, मग बंद केल्या, मग उदबत्ती लावली, मग तीही विझवली. दुपारी, जेवणाच्या सुमाराला, दिवा आपोआप हिरवा झाला. प्राचार्यांनी डोळे मिटून हात जोडले आणि ते यश आपल्या पुण्याईच्या खात्यात जमा केलं.

समितीचे अध्यक्ष रिकाम्या कपाटांमधून हिंडत उत्तरासमोर थांबले.

"तुमचं संशोधन कशावर?"

"रोगकारक जिवाणूंवर, सर."

"कुठे आहेत?"

"नाहीत, सर."

"एकही नाही?"

"एकही नाही."

अध्यक्षांनी सहकाऱ्यांकडे वळून बघितलं. "याला म्हणतात संशोधनाचं फलित," ते म्हणाले. प्राचार्यांनी मान लववली. हेरवाडे मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या.

उत्तरा घरी आली तेव्हा दिवेलागण होत होती. चुलीवर मोठ्या पातेल्यात आत्तीच्या जखमेच्या पट्ट्या उकळत होत्या. टॉवेल जागच्या जागी होता. तिने डबा उघडून बाटली उजेडात धरली. सकाळी ताकासारखं गढूळ असलेलं पाणी आता नितळ दिसत होतं. जावयाने कलाबाई खाऊन संपवत आणली होती. उद्या सकाळी गाळून घेतलं की झालं. उत्तराला हसूच आलं. तिने तळाशी थोड्या उरलेल्या कलाबाईसकट बाटली परत डब्यात ठेवली, टॉवेल गुंडाळला, आणि मागच्या दारावर थाप पडली.

दारात नगरपालिकेच्या आरोग्य निरीक्षक शालन खोत उभ्या होत्या. हातात मोबाइलएवढं निर्मळ यंत्र, मागे एक हवालदार.

"अक्का, रागावू नका. गावाला तारे मिळायचेत, एवढी एक लाल जागा राहिलीय. तपासून जाते. हिरवं आलं तर उद्या सील काढते."

"या की. च्या टाकू?"

"नको. पायाचं कसं आहे?"

"हाय जागच्या जागी."

खोतबाईंनी स्वयंपाकघरावरून नजर फिरवली. "त्या टॉवेलात काय आहे?"

"विरजण," आत्ती म्हणाली.

"बघू जरा."

"बाई, तिन्हीसांज झाली. आता विरजण कुणाच्या हातात देत न्हाईत. लक्ष्मी जाती घरातनं."

खोतबाई थबकल्या. हात अर्धा पुढे केला होता, तो मागे गेला. "माझी आई पण हेच म्हणायची," त्या म्हणाल्या. "शेजारीण मागायला आली तर उद्या सकाळी ये म्हणायची."

"मग? आईचं ऐकावं माणसानं."

हवालदारसुद्धा मान हलवत म्हणाला, "आमच्याकडं मीठबी देत न्हाईत."

त्या एवढ्याशा वेळात उत्तराला वाटलं, वाचलो. सर्व्हर, कायदा, तारांकन, कशाकशाला जे जमलं नाही, ते तिन्हीसांजेने केलं.

"खरंय," खोतबाई म्हणाल्या. "मी हातात घेतच नाही, अक्का. उघडू पण नका. नुसतं यंत्र जवळ धरते." आणि त्यांनी बटण दाबलं. पडद्यावर गोल चाक फिरू लागलं.

आत्तीने एकदा उत्तराकडे बघितलं. उत्तराने मान हलवली. नको.

"आत्ती, नको."

"काय नको? नासलंय ते. मगापासनं वास मारतंय." आत्तीने खाटेवरूनच हात लांबवला, टॉवेल सोडवला, डबा उचलला, बाटलीचं बूच दातांनी ओढलं आणि सगळं उकळत्या पातेल्यात उलटं केलं. पाठोपाठ बाटली टाकली, वर डबाही बुडवला. भसकन वाफ आली. उत्तरा दोन पावलं पुढे आली होती, ती तिथेच उभी राहिली. पुढे जाऊन करायचं काय, तेही तिला सुचेना. उकळत्या पाण्यातून काही काढून घेता येत नाही, हे तिला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं.

"काचेच्या बाटलीत विरजण?" हवालदाराने विचारलं.

"शिकलेली पोरगी हाय घरात," आत्ती म्हणाली.

खोतबाईंनी पातेल्याकडे बघितलं, मग उत्तराच्या चेहऱ्याकडे. त्यांना काय कळलं आणि काय नाही, ते त्यांनी कळू दिलं नाही. चाक फिरायचं थांबलं. यंत्राचा पडदा हिरवा झाला.

"हिरवं!" त्या जवळजवळ ओरडल्याच. "उद्या उघडा खानावळ, अक्का."

"बघ गं, उत्तरे!" आत्ती हसायला लागली. "पायबी बरा झाला की काय माझा!"

उत्तराने पायाकडे बघितलं. पिवळी ओली पट्टी यंत्रापासून वीतभर अंतरावर होती. हा पाय असताना यंत्र हिरवं कसं, असं तिच्या मनात आलं. पण त्या वेळी मनात दुसरंही बरंच काही होतं, आणि तो विचार मागे पडला.

ते दोघे गेल्यावर ती आत्तीच्या खाटेपाशी जमिनीवर बसली.

"का केलंस?"

"मग काय तुला धाडू आत तीन वर्षं? एका पायापायी?" आत्तीने तिच्या केसांवरून हात फिरवला. "दोन हाईत मला. तू एकच हाईस."

शुक्रवारी डॉ. मगदूमांचा फोन आला. उत्तराने सांगितलं. ते म्हणाले, "परत मिळेल का?" ती आठ-दहा गावं फिरली. बहुतेक गटारं धुऊन झाकलेली होती. जी उघडी होती त्यांतले जावई दुसऱ्याच घरचे निघाले, त्यांनी कलाबाईकडे बघितलंसुद्धा नाही. महिनाअखेरीला आत्तीचा पाय गुडघ्याच्या वर कापला. जखम अजून भरलेली नाही, आणि पुन्हा वर कापावं लागेल का, या प्रश्नावर डॉक्टर 'बघू' म्हणतात.

महाविद्यालयाला पाच तारे मिळाले. 'रोगकारक जिवाणूंचा अभाव: एक अभ्यास' या प्रबंधाला उत्तराला पहिला वर्ग मिळाला. प्राचार्यांनी सत्कारात गौराक्कांच्या त्यागाचा उल्लेख केला. कसला त्याग, हे त्यांना माहीत नव्हतं. खानावळ सुरू झाली. आत्ती गल्ल्यावर बसते आणि पोरांवर ओरडते. पैसे न देता सटकणाऱ्याला म्हणते, "पळ, पळ. मला काय, पाठीमागं धावता येतंय?"

परवा खानावळीत नवा दिवा बसवायला कंपनीचा माणूस आला होता. शिडीवर चढून तो स्क्रू आवळत होता. उत्तरा खाली उभी होती. बोलता बोलता तिने त्याला विचारलं की समिती आली होती त्या गुरुवारी इथे असं असं झालं, शेजारी एवढी जखम असताना यंत्राने हिरवं कसं दाखवलं?

"कुठला, तो समितीचा गुरुवार?" तो स्क्रू तोंडात धरून म्हणाला. "त्या दिवशी दुपारपासून सर्व्हर बंद होता, ताई. सर्व्हर बंद असला की सगळं हिरवंच दाखवतं."